घुमटाचे वरचे पाच थर

मामू, चुना अजून ओला आहे.

तुम्हाला माती देऊन आज एकवीस दिवस झाले. घरात चाळिसाव्याला कुणाकुणाला बोलवायचं याची बोलणी सुरू झालीत, आणि तुमचा घुमट अजून पाणी मागतो आहे. रोज सकाळी साडेसहाला मी हिंजवडीच्या फ्लॅटमधून स्कूटर काढते, माण, घोटवडे फाटा, पिरंगुट असं करत उरवड्याच्या टेकडीखालच्या दर्ग्यात पोचते, परांचीवर चढते आणि घुमटाला गुंडाळलेली गोणपाटं भिजवते. या दिवसांतला वारा इतका कोरडा आहे की शेवटच्या गोणपाटापर्यंत पोचेतो पहिलं वाळायला लागतं. मग पुन्हा स्कूटर, पुन्हा कंपन्यांच्या गाड्यांची रांग, आणि दहाला मी ऑफिसात, नखांत चुना घेऊन.

अम्मी म्हणते, "अगं, गेला तो माझा भाऊ. रडायचं तर मी रडते. तू टेक जरा कुठंतरी."

टेकता येत नाही. लोक भेटायला येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. इस्माईलभाईंच्या हाताला बरकत होती, असा चुन्याचा गवंडी आता मुळशीत होणे नाही, वगैरे. मी उठून स्वयंपाकघरात जाते. चांगल्या शब्दांत गुंडाळून माणसाला बाजूला ठेवून देतात हे लोक. मला नाही जमत ते. तुमचं-माझं भांडण अर्धवट आहे, आणि त्यातली माझी बाजू मलाच आता पटत नाही, आणि तुमचीही पूर्ण पटत नाही. हे कुणाला सांगू?

मी दहा वर्षांची होते. सुट्टीत पिरंगुटला आले होते तेव्हा तुम्ही मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं बांधत होतात. मधोमध जमिनीत खिळा ठोकलात, त्याला दोरी बांधलीत आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलंत. "ही ताणून धर. टोक जितं टेकंल तितं वीट." खाली लाकूड नाही, पत्रा नाही, काही नाही. एकेक वीट आत कलत गेली आणि मला वाटत राहिलं की आता पडेल, आता पडेल. शेवटची वीट वर बसवलीत आणि मला काखेत धरून उचलून त्याच्यावर ठेवलंत. "बस." मी श्वास रोखून बसले. मामी आतून ओरडत होती, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून माझ्याकडे नाही, खुराड्याकडे बघत होतात. मी इंजिनिअर झाले ते त्या दिवशी, असं मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं होतं. तुम्हाला मात्र कधीच सांगितलं नाही.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही माझं ऑफिस बघायला आलात. सिक्युरिटीवाल्यानं गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं ते तुम्ही घरी जाईपर्यंत काढलं नाहीत. सहाव्या मजल्यावर उभं राहून खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केलीत, खोट्या छताकडे बघून हसलात आणि विचारलंत, "वजन जातंय कुटं ह्याचं?" मी सांगितलं: बीममधून खांबात, खांबातून पायात. तुम्ही मान डोलावलीत. "तुमचं लोखंड ओढून धरतं. आमची वीट एकमेकीला रेटून धरती. दोनी खरंच हाय. पर तुमी लोकं रेटायचं इसरलायसा." माझे सहकारी हसले. मीही हसले, त्यांच्या बाजूनं.

आणि मग ते पत्र.

दर्ग्याच्या घुमटाला बोटभर रुंद भेग गेली होती. कमिटीचं म्हणणं, पाडून टाकू आणि वर स्लॅब घालू. तुम्ही म्हणालात, वरचा अर्धा उतरवून तसाच पुन्हा चढवतो, चुन्यात, सेंट्रिंगच्या आधाराशिवाय. तेव्हा कमिटीच्या रशीदभाईंनी मला फोन केला. "बेटा, तू शिकलेली आहेस. तू लिहून दे काय ते." त्यांनी फोनवर अकरा फोटो पाठवले. मी ते स्क्रीनवर मोठे करून बघितले आणि जेवणाच्या सुट्टीत दोन पानं लिहिली. घुमट धोकादायक आहे. पश्चिमेची भिंत बाहेर सरकते आहे. अशा भिंतीवर आधाराशिवाय घुमट पुन्हा बांधणं योग्य नाही. खाली सही, शिक्का. सगळं इंग्रजीत.

त्या रविवारी तुम्ही ते पत्र घेऊन माझ्या घरी आलात. सोफ्याच्या कडेवर बसलात.

"वर चढली हुतीस का?"

"फोटो होते, मामू. स्पष्ट होते."

"डाक्टर फोटू बघून नाडी सांगतो व्हय?"

"हल्ली सांगतात," मी म्हणाले. मला ते उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

तुम्ही पाणी प्यालात, भांडं खाली ठेवलंत आणि लिफ्ट सोडून जिन्यानं उतरलात, आठ मजले.

कमिटीनं तुम्हाला उरुसापर्यंतची मुदत दिली. माझ्या पत्राकडे बघून नाही, तुमच्या पांढऱ्या दाढीकडे बघून. दिवाळीनंतर तुम्ही सुरुवात केलीत. कळीचा चुना तर तुम्ही पावसाच्या आधीच विरवून खड्ड्यात ठेवला होता. गूळ, हिरडा, विटांची भुकटी. भरे गावच्या धोंडाबाई चुना मळायला होत्याच. मेंढरं सुनेवर सोपवून तीस वर्षं त्या तुमच्या हाताखाली बिगारी म्हणून आल्या आहेत. अम्मी मला फोनवर बातम्या द्यायची: भेगेखालपर्यंत उतरवला, सगळ्या विटा खरवडून लावून ठेवल्या, आता चढवायला लागलाय. मी "हं" म्हणायचे.

मग एका शनिवारी मी दर्ग्यात काम थांबवायलाच आले होते. मनात वाक्यं तयार होती.

आत शिरले तर डोक्यावर आभाळाचा गोल तुकडा, आणि त्याच्या काठाशी तुम्ही. मजारीवर फळ्या टाकून ती झाकली होती. घुमट जिथून सुरू होतो तिथं आडवं लाकूड, त्यावर मधोमध खिळा, खिळ्याला दोरी. वीट भिजवायची, चुना थापायचा, आत कलती ठेवायची, दोरीच्या टोकाशी जुळवायची आणि चुना तिला धरेपर्यंत तळहातानं दाबून धरायची. शेजारची बसली की मग पहिलीवरचा हात काढायचा. सगळा थर बसून गोल पुरा झाला की तो आपला आपण उभा राहतो. गोल पुरा होईपर्यंत मात्र सगळी भिस्त त्या तळहातावर. हे सगळं मला ठाऊक होतं. कागदावर मी त्याचं गणित मांडू शकते. खाली उभं राहून वर बघणं वेगळं असतं.

"आलीस? उभी ऱ्हा हितंच. बघ."

मी बोलायला तोंड उघडलं आणि वीट निसटली. मजारीवरच्या फळ्यांवर आदळली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि फुटली. रशीदभाई दारातून धावत आले. धोंडाबाईंच्या हातातली पाटी खाली पडली. तुम्ही वरून फक्त विचारलंत, "लागलं का?" मी "नाही" म्हणाले. तुम्ही खाली उतरलात. तुमचे हात मी बघितले. कापत होते. वीट पडली म्हणून नाही. आधीपासूनच कापत असणार, कारण तुम्ही ते पटकन पाठीमागे नेलेत.

आणि मी बोलले. रशीदभाईंसमोर, धोंडाबाईंसमोर. "तुमचे हात थरथरतात, मामू. हा हट्ट कुणाचा तरी जीव घेईल. सत्तरीत माणसानं घरी बसावं."

मी उत्तराची वाट बघत उभी राहिले, खरंच. आपण भांडायचो तेव्हा तुमचं उत्तर यायचंच. ते आलं नाही, तशी मी निघून गेले.

दोन आठवडे फोन नाही. मग मंगळवारी अम्मी म्हणाली, "मामूचा निरोप आहे. घुमट मिटला, वरचं तोंड बंद झालं म्हणून सांग तिला. ये म्हणावं बघायला."

"रविवारी जाईन," मी म्हणाले.

शुक्रवारी असरची नमाज पढून तुम्ही खाटेवर आडवे झालात, चहा मागितलात, आणि मामी चहा घेऊन येईपर्यंत गेलात. फोन आला तशी मी निघाले; माणच्या चौकात पोचेपर्यंतच पाऊण तास गेला, पुढं पिरंगुटला पोचायला आणखी तासभर. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत मी काय विचार करत होते सांगू? तुम्ही कुणाचाही जीव घेतला नव्हता. घुमट मिटला होता आणि उभा होता.

शनिवारी सकाळी पुरुष जनाजा घेऊन गेले. आम्ही बायका उंबऱ्यात. सगळ्या रडत होत्या आणि माझ्या पायांना थांबवत नव्हतं. मी चप्पल घातली, स्कूटर काढली आणि दर्ग्यात आले. तिथं कुणी नसेल असं वाटलं होतं. परांचीवर धोंडाबाई होत्या. पदर कमरेला खोचून गोणपाटांवर पाणी मारत होत्या, आणि तोंडानं मोठमोठ्यानं रडत होत्या. हात चालू, रडणंही चालू.

"बाई, आज राहू द्यायचं ना," मी खालून म्हणाले.

"त्यो गेला म्हून चुना थांबतो व्हय? वाळला तर चिरा पडत्याल. ये वर, दुसरी कळशी घे."

आणि मी चढले. पहिल्यांदा. जून महिन्यात तुम्ही विचारलं होतंत, तेव्हा चढायला हवं होतं ते असं चढले.

वर थर मोजता येत होते. खालचे सगळे तुमच्या हातचे; मी ते कुठंही ओळखीन, वीट आणि वीट यांच्यामध्ये करंगळीएवढा चुना, कमी नाही, जास्त नाही. शेवटच्या पाच थरांत तो जरा जाड होता. एके ठिकाणी चुन्यात बांगडीचा ठसा उमटला होता.

मी धोंडाबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले.

"तू बोलून गेलीस न्हवं, त्या दिवशी इस्मालभाऊ लई येळ खाली बसला. मग म्हनला, पोरगी खरं बोलली. धोंडे, तू चढ. म्या म्हनलं, मी बिगारी हाय, मला काय येतंय? तर म्हनला, तीस वरसं बघतीयास, येतंय तुला. त्यो हितं आत, लाकडावर फळी टाकून हुबा. हातात दोरी. आत घे, भाईर घे, दाबून धर, सोड. पाच थर म्या लावलं. येक बी वीट पडली न्हाई." मग कळशी उचलत, "शेवटची वीट त्यो लावंल वाटलं हुतं मला. त्यानं न्हाई लावली. तूच मिटव म्हनला."

मामू, मी घाव घालायला बोलले होते, आणि तुम्ही त्यातलं रक्त पुसून त्यातलं खरं तेवढं उचललंत. मी इतकी वर्षं तुमच्याशी वाद घातला, पण तुमच्या तोंडून "पोरगी खरं बोलली" हे ऐकायला मिळालं ते धोंडाबाईंना. मला हे सुखाचं वाटत नाही. उलट रात्रंदिवस टोचत राहतं. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून सकाळचं पाणी माझं आणि संध्याकाळचं त्यांचं.

आठवड्यानंतर एका सकाळी आतून घुमट बघत होते, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीत चिराग ठेवायच्या कोनाड्याच्या वर काहीतरी चमकलं. काचेच्या तीन पट्ट्या, एकाखाली एक, भिंतीतल्या भेगेवर आडव्या, चुन्यानं चिकटवलेल्या. प्रत्येकीशेजारी पेन्सिलनं तुमचं अक्षर. जून. ऑगस्ट. दिवाळी. जूनची मधोमध तडकलेली. ऑगस्टचीही. दिवाळीची अखंड.

मी तिथंच बसले. भिंत सरकते का हे बघायची ही सगळ्यात साधी रीत; काच ताणली जात नाही, भिंत हलली की तडकते. जूनमध्ये, म्हणजे माझं पत्र वाचल्यावर लगेच, तुम्ही पहिली लावलीत. पण इंग्रजी पत्र तुम्ही वाचलंत कसं?

"माझ्या नातीकडनं," संध्याकाळी फोनवर धोंडाबाई म्हणाल्या. "कालेजात हाय ती. तिला दर्ग्याच्या पायरीवं बशिवलं आन तीनदा वाचून घेतलं. वळ न वळ. मग म्हनला, शाहीन भिंतीचं बराबर बोलतीया, घुमटाचं चुकतीया. भिंत पावसात हलती, कोरड्यात न्हाई. पाण्याचं काम हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

पलीकडे त्यांनी मेंढरांना हाकारलं. "दावनारच हुता की. रविवारी. तू येनार हुतीस न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं खणून बघितलं. कारखान्यांकडे जाणारा रस्ता नवीन करताना उंच झाला, आणि कडेचं गटार उतारानं थेट दर्ग्याच्या पायाशी येऊन संपतं. हातभर खाली माती अजून दमट होती, या कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात तिथं काय होत असेल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. तुम्ही ते बघितलं होतं. भिंतीजवळ दगडांचा एक छोटा बांध घालून पाणी वळवायचा प्रयत्नही केला होता. तो पुरणार नाही, मामू. आणि हे माहीत असताना तुम्ही वर घुमट चढवलात? पुढच्या पावसाच्या आधी गटाराचं होईल अशी तुमची खात्री होती? की मी करीन अशी खात्री होती? मला याचं उत्तर पाहिजे होतं. मी अजून मनातल्या मनात तुमच्या अंगणात येऊन हे विचारते, आणि तुम्ही दर वेळी कोंबड्यांना दाणे टाकत पाठमोरे असता.

काल जुम्म्याच्या नमाजनंतर कमिटी दर्ग्याच्या अंगणात बसली. मी नवं पत्र लिहिलं होतं. या वेळी मराठीत. रशीदभाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. आधीचं पत्र मी जागेवर न येता लिहिलं होतं, ते रद्द समजावं. घुमट मी चढून, ठोकून, मोजून पाहिला. तो सुस्थितीत आहे. पश्चिमेची भिंत पावसात सरकते. गटार पावसाआधी वळवलंच पाहिजे, नाहीतर घुमट टिकणार नाही. बांधकाम करणारे गवंडी: इस्माईलभाई, पिरंगुट, आणि धोंडाबाई, भरे.

रशीदभाई तिथं थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बेटा, बाकी सगळं ठीक. पण हे... गवंडी म्हणून? त्या चुना मळायच्या ना? लोक विचारतील. त्यांचं नाव खाली मदतनीस म्हणून घेऊ."

मी काही म्हणायच्या आत परांचीवरून आवाज आला. धोंडाबाई संध्याकाळच्या पाण्याला लवकर आल्या होत्या आणि वरून सगळं ऐकत होत्या.

"काढा की नाव. माझं काय म्हननं न्हाई. पर मंग माझं पाच थर बी काढून न्हेते मी. थांबा, थापी आनते."

मग रशीदभाई हसायला लागले, इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग खिशातून पेन काढून त्यांनी पत्रावर सही केली, नावाला हात न लावता. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की हा किस्सा सांगायला मला पिरंगुटला जायचं आहे, आणि तिथं आता तुम्ही नाही.

गटाराचं काम सोमवारी सुरू होतंय. त्यात काय वापरणार ते तुम्हाला आधीच सांगून टाकते, नंतर मागून कळलं असं नको. सिमेंट. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल: सिमेंट चुन्याच्या भिंतीचा श्वास कोंडतं, ओल वर चढते. म्हणून भिंतीपासून दीड हात लांब ठेवते आहे, मधे नुसता दगड आणि माती. दीड हात पुरेल असं माझं गणित म्हणतं. दोन हात पाहिजेत असं तुम्ही म्हणाल. का, ते मला समजत नाहीये, आणि समजल्याशिवाय मी अंतर वाढवणार नाही.

बोला ना, मामू. सोमवारपर्यंत वेळ आहे.